मत मोबाइलवरून, पण पडताळणी कशी?

कर्नाटकात डिसेंबर २०२० मध्ये ग्रामपंचायत निवडणुका झाल्या. बीदर जिल्ह्यात मतदान यंत्रे वापरली गेली, तर शेजारच्या कलबुर्गीत मतपत्रिका. यंत्र आणि कागद यांच्यापलीकडचा तिसरा मार्ग इंटरनेटचा. २८ जून २०२५ रोजी बिहारमधील पालिका निवडणुकांत नोंदणीकृत मतदारांना मोबाइल ॲपवरून मत देता आले. एस्टोनियाने तर २००५ मध्येच स्थानिक निवडणुकांत हा पर्याय खुला केला होता.

औराद, भालकी, आळंद या मराठीभाषक सीमाभागातून अनेक जण रोजगारासाठी पुणे, मुंबई, हैदराबाद गाठतात. मतदानासाठी गावी परतणे म्हणजे मजुरी आणि प्रवासखर्च दोन्हींवर पाणी सोडणे. त्यांना हा मार्ग सोयीचा वाटणे स्वाभाविक आहे.

मात्र याच भागातील एक घटना सावध करते. २०२२ च्या अखेरीस आळंद विधानसभा मतदारसंघातील मतदारांची नावे वगळण्यासाठी ६,०१८ ऑनलाइन अर्ज आले. पडताळणीत त्यांपैकी केवळ २४ योग्य आढळले. ५,९९४ चुकीचे ठरले. फेब्रुवारी २०२३ मध्ये पोलिसांत गुन्हा नोंदवण्यात आला.

हा प्रकार उघड होऊ शकला, कारण प्रत्येक अर्जावर नाव होते. त्या नावाच्या माणसाच्या दारी जाऊन विचारता येत होते. मताचे तसे नाही. ते गुप्त असल्याने कोणते मत कोणाचे, याचा माग राहता कामा नये. त्यामुळे दुसऱ्याने बटण दाबले, तर नेमके ते मत शोधून बाद करणे अवघड होते.

मतदान केंद्रावर ओळख पटवणारे अधिकारी, हरकत घेणारे उमेदवारांचे प्रतिनिधी आणि मत देताना आडोसा असतो. घरातल्या मोबाइलला तो आडोसा नसतो. ग्रामपंचायतीत निकाल मोजक्या मतांनी फिरतो; तेथे घरातील वा गावातील वजनदार व्यक्तीसमोर मत द्यावे लागणे, हा धोका काल्पनिक नाही.

एस्टोनियाने त्यावर तोड काढली आहे. तेथे ऑनलाइन मत बदलता येते व शेवटचेच मोजले जाते. मतदाराने केंद्रावर जाऊन कागदी मत दिल्यास ऑनलाइन मत रद्द होते. ओळखीसाठी सरकारी डिजिटल ओळखपत्र लागते.

जहाजांवर नोकरी करणाऱ्या गोमंतकीयांनाही अशी सोय हवीशी वाटेल. ती देताना दबावाखाली दिलेले मत बदलण्याची वाट मतदाराला आहे का, हे आधी पाहावे लागेल. ती वाट नसेल, तर सोय मतदाराची न होता त्याच्यावर दबाव आणणाऱ्याची होईल.