शिट्ट्या मोजणं सोडा, मिनिटं मोजा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.

आजचा विषय कुकर. साधा, रोजचा, वरण-भाताचा कुकर. घरातलं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं आणि सगळ्यात कमी समजून घेतलेलं भांडं असं मी त्याला म्हणेन. "माझी डाळ शिजतच नाही, किती शिट्ट्या करू?" हा प्रश्न सगळ्यांचाच असतो. पुण्याहून बंगळुरूला राहायला गेलेल्यांचा, नवीन घर मांडलेल्यांचा, आणि अमेरिकेत इलेक्ट्रिक कुकर घेऊन बसलेल्यांचा तर असतोच, कारण त्या कुकरला शिट्टीच नाही.

तर आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. शिट्टी म्हणजे घड्याळ नव्हे. हे एकदा डोक्यात बसलं की डाळ शिजते, गॅस वाचतो आणि कुकरची भीतीही बरीचशी जाते.

आत नेमकं काय होतं?

उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांना उकळतं. खाली कितीही मोठा जाळ करा, पाणी १०० च्या वर तापत नाही. नुसती वाफ जास्त होते. त्यातही आपण समुद्रसपाटीपासून जितके उंच, तितकं पाणी कमी तापमानाला उकळतं. पुण्यात ते साधारण ९८ अंशांना उकळतं, महाबळेश्वरला ९५-९६ ला, आणि लेहला तर ९० च्याही खाली. म्हणून डोंगरावर उघड्या पातेल्यात डाळ शिजवताना जीव मेटाकुटीला येतो.

कुकरमध्ये आपण वाफ कोंडतो. वाफ कोंडली की दाब वाढतो, आणि दाब वाढला की पाणी उकळायला जास्त तापमान लागतं. आपल्याकडच्या नेहमीच्या कुकरमध्ये पूर्ण दाब आला की आतलं तापमान १२० अंशांच्या आसपास जातं. हे वरचे वीस अंश म्हणजेच कुकरची सगळी किमया. ही युक्ती जुनी आहे. दनी पापँ नावाच्या फ्रेंच माणसाने १६७९ साली लंडनमध्ये असं भांडं बनवून दाखवलं होतं. आपल्याकडे हॉकिन्स आणि प्रेस्टीज ही दोन्ही नावं १९५९ पासूनची.

आता शिट्टीकडे या. झाकणावर आपण जी "शिट्टी" ठेवतो ते खरं म्हणजे एक वजन आहे. नळीच्या बारीक भोकावर ते बसलेलं असतं. आतला दाब ठरलेल्या मर्यादेला पोचला की वाफ ते वजन उचलते आणि जादा वाफ बाहेर पडते. म्हणजे शिट्टी एवढंच सांगते की "दाब पूर्ण झाला, जास्तीचा मी सोडून देतेय". किती वेळ शिजलं, हे ती सांगत नाही.

मग "तीन शिट्ट्या" म्हणजे किती?

इथेच सगळा घोळ आहे. मोठ्या शेगडीवर, गॅस पूर्ण ठेवून तीन शिट्ट्या तीन-चार मिनिटांत होतात. त्याच घरात लहान शेगडीवर, मध्यम आचेवर त्याच तीन शिट्ट्यांना दहा-बारा मिनिटं लागतील. डाळ तीच, शिट्ट्या त्याच, वेळ मात्र तिप्पट. मग एकीच्या घरी डाळ लोण्यासारखी होते आणि दुसरीच्या घरी वर पाणी, खाली डाळ. आई फोनवर "तीन शिट्ट्या" सांगते ते तिच्या कुकरचं, तिच्या शेगडीचं आणि तिच्या हाताच्या सवयीचं माप असतं. तिचं बरोबरच असतं, पण ते दुसऱ्या घरात जसंच्या तसं जात नाही.

त्यात आणखी एक गंमत. कुकर गच्च भरलेला असेल, तीन डबे लावलेले असतील, तर पहिली शिट्टी व्हायलाच बारा-पंधरा मिनिटं जातात, आणि त्या वेळातही अन्न शिजतच असतं. मूठभर डाळ असेल तर पाच मिनिटांत शिट्टी. म्हणजे पहिल्या शिट्टीआधीचा वेळही प्रत्येक वेळी वेगळा.

यावर उपाय सोपा आहे. पहिली शिट्टी होईपर्यंत गॅस मोठा. खरी, खणखणीत शिट्टी झाली की गॅस बारीक करा आणि तिथून मिनिटं मोजा. सुरुवातीला जी थुंकल्यासारखी "फुस्स" होते ती धरू नका. बारीक गॅसवर कुकर अधूनमधून एखादी शिट्टी देईल किंवा नुसता फुसफुसत राहील. दोन्ही ठीक. अगदीच गप्प झाला आणि वाफेची काही हालचालच नाही, तर गॅस फारच बारीक झालाय, जरा वाढवा.

गॅस मोठाच ठेवला तर काय बिघडतं? आतलं तापमान काही वाढत नाही, कारण वजन जादा वाफ सोडून देतं. म्हणजे सिलिंडरच्या पैशाने तुम्ही स्वयंपाकघराची हवा गरम करता, आणि कुकरमधलं पाणी उगाच आटवता. ओट्यावर आणि भिंतीवर डाळीचे शिंतोडे येतात ते वेगळंच.

माझ्या हाताची मिनिटं

पहिल्या शिट्टीनंतर, बारीक गॅसवर, असा माझा हिशेब आहे. तुमच्याकडे दोन-तीन मिनिटं इकडे-तिकडे होतील.

डब्यांतला वरण-भात, डाळ अर्धा तास भिजवलेली: १० ते १२ मिनिटं. थेट कुकरमध्ये लावलेला भात: ४ ते ५. मध्यम आकाराचे अख्खे बटाटे: ८ ते १०. पुरणासाठी दोन तास भिजवलेली हरभऱ्याची डाळ: १२ ते १५. रात्रभर भिजवलेले छोले किंवा राजमा: १५ ते २०. मोड आलेली मटकी आणि मूग यांना मी कुकर लावतच नाही. कढईत झाकण ठेवून शिजतात, आणि दाणा अख्खा राहतो.

गॅस बंद केल्यावर वाफ आपोआप जिरू द्या. ती दहा मिनिटंही शिजण्यातच धरलेली आहेत. घाईत वाफ काढली की भात वरून शिजलेला आणि आतून कणी राहिलेला, असा होतो.

राजम्याबद्दल एक वाक्य जास्तीचं. कच्च्या राजम्यात पोटाला त्रास देणारं द्रव्य असतं आणि ते नीट उकळल्याशिवाय जात नाही. भिजवलेलं पाणी ओतून द्या, नवीन पाण्यात शिजवा, आणि दाणा पूर्ण मऊ झाल्याशिवाय खाऊ नका. कुकरमध्ये हे आपोआप होतं. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात होईलच असं नाही.

इलेक्ट्रिक कुकरवाल्यांसाठी: तुमचा दाब बहुधा आपल्या गॅसवरच्या कुकरपेक्षा थोडा कमी असतो. वरची मिनिटं घ्या, त्यात थोडी भर घाला, आणि शिट्ट्यांचं भाषांतर करत बसू नका.

तरीही डाळ शिजत नसेल तर

मग दोष कुकरचा नाही. तीन कारणं बघा. एक, डाळ जुनी असेल. उन्हाळ्या-पावसाळ्यात, उष्ण आणि दमट जागी बरेच महिने राहिलेली डाळ किंवा कडधान्य हट्टी होतं. दोन, पाणी जड असेल. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांमुळे दाणा मऊ व्हायला वेळ लागतो. अशा वेळी पिण्याचं गाळलेलं पाणी वापरून बघा. चिमटीभर सोडा घातला की डाळ शिजते हे खरं, पण त्याने ब जीवनसत्त्वाचं नुकसान होतं, तेव्हा रोजची सवय नको. तीन, आंबट आधी घातलं असेल. चिंच, आमसूल, टोमॅटो हे डाळ शिजल्यावरच घाला. आंबटात दाणा मऊ पडत नाही. आपल्या आमटीत चिंच-गूळ फोडणीनंतर पडतो, ते उगाच नाही.

आता जरा गंभीर

कुकर उडाल्याच्या बातम्या आपण वाचतो, आणि मग कुणीतरी कुकर वापरायचंच सोडून देतं. बहुतेक वेळा कारण एकच असतं: वाफेची वाट बंद झालेली असते आणि तिची पर्यायी वाटही कुणीतरी बंद केलेली असते.

पहिली वाट म्हणजे शिट्टीखालची नळी. डाळीचा फेस, हळदीचा गाळ, टरफलं त्यात अडकतात. म्हणून रोज, झाकण लावायच्या आधी, ते उजेडाकडे धरा आणि नळीतून आरपार दिसतंय ना ते बघा. दोन सेकंदांचं काम आहे. दिसत नसेल तर सुई किंवा बारीक तार घालून, पाण्याखाली धरून साफ करा. आजच्या भागातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा.

दुसरी वाट म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्ह. त्यात कमी तापमानाला वितळणारा धातू असतो. नळी बंद झाली किंवा पाणी आटून कुकर कोरडा तापला, की तो वितळतो आणि वाफ तिथून निघून जाते. तो उडाला म्हणजे कुकर बिघडला असं नाही, त्याने आपलं काम केलं. पण का उडाला ते शोधा, आणि त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा नवीन बसवा. तिथे स्क्रू पिळणं, एम-सील भरणं, दुसऱ्याच कंपनीचा मिळताजुळता तुकडा बसवणं, हे करू नका. चाळीस-पन्नास रुपये वाचवायला जाऊन आपण शेवटची वाट बुजवतो.

तिसरी गोष्ट रिंग. बाजूने वाफ येते, शिट्टी होतच नाही, पाणी आटतं आणि तळ करपतो: ही रिंग सैल किंवा कडक झाल्याची खूण. रिंग फ्रीजमध्ये ठेवून चालवणं ही एक दिवस निभावण्याची युक्ती आहे, महिनाभराची नाही. वापरून झाली की रिंग काढून धुवा, आणि झाकण कुकरवर घट्ट बसवून ठेवू नका.

भरताना: एरवी दोन तृतीयांशच्या वर नको. डाळ किंवा कडधान्य थेट कुकरमध्ये घालत असाल तर अर्ध्याच्या वर कधीच नको, आणि तुमच्या कुकरच्या पुस्तिकेत एक तृतीयांश लिहिलं असेल तर तेच पाळा. डाळीत चमचाभर तेल घाला, फेस कमी येतो. डबे लावताना तळाला दोन वाट्या पाणी हवंच. आणि झाकण निघत नसेल तर जोर लावू नका. आत दाब आहे म्हणूनच ते निघत नाही. डाळीच्या कुकरची शिट्टी चमच्याने उचलून वाफ काढायची सवयही सोडा; फेस उसळून नळीत जातो आणि गरम डाळ अंगावर येते.

विकत घेताना

दोन-तीन माणसांना ३ लिटर, चार-पाच जणांना ५ लिटर पुरतो. डबे लावायचे असतील तर उंच घ्या, थेट भाजी-पुलाव करायचा असेल तर पसरट. ॲल्युमिनियम स्वस्त, हलकं आणि सारखं तापतं, फक्त आंबट पदार्थ थेट त्यात शिजवू नका. आतून काळं पडतं ते पाण्यातल्या क्षारांमुळे. तळाच्या पाण्यात पिळलेल्या लिंबाचं साल टाका, कमी काळं पडेल. स्टीलचा घ्यायचा तर जाड, थरांच्या तळाचा घ्या, पातळ तळाचा करपवतो. इंडक्शन असेल तर साधं ॲल्युमिनियम चालणार नाही, तळ बघून घ्या. आणि आयएसआय चिन्ह बघा. २०२१ पासून घरगुती कुकरला ते सक्तीचं आहे. रस्त्यावर अर्ध्या किमतीत मिळणाऱ्या, चिन्ह नसलेल्या कुकरचा मोह नको. इथे काटकसर करायची जागा नाही.

महागाचाच घ्या असं मात्र मी म्हणणार नाही. नळी साफ, रिंग चांगली, व्हॉल्व्ह अस्सल असा पंधरा वर्षांचा साधा कुकर हा नळी तुंबलेल्या नव्याकोऱ्या कुकरपेक्षा केव्हाही बरा.

या आठवड्यात एक करून बघा. नेहमीचा वरण-भात लावा, पहिल्या शिट्टीला गॅस बारीक करा, मोबाईलवर दहा मिनिटांचा गजर लावा. कच्चं राहिलं तर दुसऱ्या दिवशी दोन मिनिटं वाढवा, गिचका झाला तर दोन कमी करा. तीन-चार दिवसांत तुमच्या कुकरचा आकडा सापडेल. तो कागदावर लिहून फ्रीजवर चिकटवा, म्हणजे घरातल्या कुणालाही, अगदी पहिल्यांदा स्वयंपाकघरात शिरणाऱ्यालाही, कुकर लावता येईल.

पुढच्या भागात तव्यांबद्दल बोलू: बिडाचा, लोखंडी आणि नॉनस्टिक. तोवर नळी तपासत राहा.