रोलिंग स्टोन्स आणि सिंगापूर

रोलिंग स्टोन्स हा ब्लूज-रॉक बँड १९६२ साली लंडनमध्ये उभा राहिला आणि साठ वर्षे उलटून गेली तरी वाजतो आहे. सिंगापूरमध्ये तो १९६५, २००३ आणि २०१४ या साली वाजला. या भेटींच्या मधल्या काळात बँड बदलला. सिंगापूर तर त्याहूनही जास्त बदलले.

ब्लूज हे मुळात अमेरिकेच्या दक्षिणेकडल्या, कापसाच्या शेतांत राबणाऱ्या कृष्णवर्णीयांचे गाणे. त्याचा सर्वांत रुळलेला साचा बारा मात्रागटांचा आणि तीनच कॉर्डांचा. गायक एक ओळ म्हणतो, तीच पुन्हा म्हणतो आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर देतो. दोन ओळींमधली जागा गिटार भरून काढते. पोट भरण्यासाठी ही माणसे मिसिसिपीतून शिकागोत आली, तेव्हा कारखान्यांच्या आणि दारूच्या गुत्त्यांच्या गोंगाटात साधी गिटार ऐकू येईना. मग विजेवरची गिटार आली. मडी वॉटर्स हा त्या शिकागो ब्लूजचा सर्वांत मोठा गायक. स्टोन्सने आपले नाव त्याच्याच एका गाण्यावरून घेतले.

युद्धोत्तर इंग्लंडमध्ये हे संगीत रेडिओवर फारसे लागत नसे. शौकीन मुले अमेरिकेतून टपालाने रेकॉर्ड मागवत. ऑक्टोबर १९६१मध्ये लंडनजवळच्या डार्टफर्ड स्टेशनच्या फलाटावर पुढे बँडचा गायक झालेला मिक जॅगर आणि गिटारवादक झालेला कीथ रिचर्ड्स हे प्राथमिक शाळेतले जुने सोबती पुन्हा भेटले. जॅगरच्या हातात मडी वॉटर्स आणि चक बेरी यांच्या रेकॉर्ड होत्या आणि बोलणे त्यांवरूनच सुरू झाले. १२ जुलै १९६२ रोजी लंडनच्या मार्की क्लबमध्ये बँडचा पहिला कार्यक्रम झाला. पुढच्या काही महिन्यांत बिल वायमन बेस गिटारवर आणि चार्ली वॉट्स ड्रमवर येऊन बसले. बँड बांधला मात्र गिटारवादक ब्रायन जोन्सने. आज सगळा उजेड जॅगर-रिचर्ड्स जोडीवर पडतो. पण सुरुवातीला माणसे जमवणे, नाव ठरवणे, ब्लूजचा आग्रह धरणे हे सारे जोन्सचे होते आणि ते श्रेय त्याला पुरेसे मिळालेले नाही. १९६४च्या डिसेंबरात ‘लिटल रेड रूस्टर’ हे अस्सल, संथ ब्लूज गाणे त्यांनी ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर नेले.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचा दौरा आटोपून, बँड सिंगापूरला आला. १६ फेब्रुवारी १९६५ रोजी गिलेमार्ड रोडवरच्या बॅडमिंटन स्टेडियममध्ये त्यांचे कार्यक्रम झाले. जॅगर आणि रिचर्ड्स तेव्हा एकवीस वर्षांचे होते. ज्या ‘सॅटिस्फॅक्शन’मुळे ते जगभर गेले, ते गाणे अजून तयारही झाले नव्हते. सिंगापूरही तेव्हा स्वतंत्र देश नव्हता; ते मलेशियातले एक राज्य होते आणि त्याच वर्षी ९ ऑगस्टला ते वेगळे झाले.

श्रोते मात्र तयार होते. बेटावर ब्रिटिश सैन्याचे मोठे तळ होते आणि सैनिकांच्या करमणुकीसाठी क्लब चालत. रेडिफ्यूजनची तारेवरची रेडिओसेवा घराघरांत इंग्रजी गाणी पोचवत होती. नोव्हेंबर १९६१मध्ये ब्रिटिश गायक क्लिफ रिचर्ड आणि त्याचा शॅडोज हा बँड सिंगापूरला येऊन गेल्यावर तरुणांत गिटारची लाट उसळली होती. क्वीन्सटाउनच्या तांत्रिक शाळेतल्या मुलांनी ‘द क्वेस्ट्स’ हा बँड काढला. १९६४ साली त्यांच्या ‘शँटी’ या वाद्यधुनेने सिंगापूरच्या यादीत बीटल्सच्या गाण्याला पहिल्या क्रमांकावरून खाली खेचले. ब्लूजची वाट धरली ती ‘द स्ट्रेडॉग्ज’ या बँडने. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात चिनी, तमिळ, युरेशियन घरांतली पोरे मडी वॉटर्सचे संगीत वाजवत होती आणि त्या धाटणीत स्वतःची गाणीही रचत होती. सिंगापूरच्या संगीताच्या इतिहासातले हे पान फार मोलाचे आहे.

ते फार काळ टिकले नाही. १९७१मध्ये ब्रिटिश सैन्याचा मोठा भाग परत गेला, तशी क्लबांची मिळकत आटली. सरकारने रॉक, अमली पदार्थ आणि लांब केस यांना एकाच माळेत ओवले. पुरुषाचे केस भुवयांपर्यंत किंवा कानांवर आले किंवा कॉलरखाली उतरले की ते ‘लांब’ ठरत. अशांचे काम शेवटी केले जाईल, अशा पाट्या सरकारी कचेऱ्यांत लागल्या. १९७२मध्ये लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडला केसांपायीच प्रवेश नाकारला गेला. व्यसनांची भीती खरी होती, पण तिची किंमत एका उमलत्या पिढीच्या संगीताला मोजावी लागली.

त्याच वर्षांत स्टोन्स ऐन भरात होते. १९६९च्या जूनमध्ये जोन्स बँडमधून बाहेर पडला आणि ३ जुलैला वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी वारला. त्याच्या जागी आलेल्या मिक टेलरच्या गिटारने बँडला पुन्हा ब्लूजकडे ओढले. ‘स्टिकी फिंगर्स’ आणि ‘एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट’ हे अल्बम त्याच काळातले. बँडचे प्रसिद्ध जिभेचे चिन्ह जॉन पॅश या कलाविद्यार्थ्याने काढले. जॅगरने त्यासाठी त्याला कालीमातेचे चित्र दाखवले होते. १९७५मध्ये टेलरच्या जागी रॉनी वुड आला. वायमनने नव्वदच्या दशकाच्या आरंभी निरोप घेतला.

सिंगापूरला परतायला अडतीस वर्षे लागली. २४ मार्च २००३ रोजी इनडोअर स्टेडियममध्ये कार्यक्रम झाला, तेव्हा शहरात सार्स या श्वसनरोगाची साथ शिरली होती. पुढचे हाँगकाँग आणि चीनमधले कार्यक्रम रद्द झाले. भारतातले मात्र ठरल्याप्रमाणे पार पडले: ४ एप्रिलला बंगळूर आणि ७ एप्रिलला मुंबईचे ब्रेबर्न स्टेडियम.

तिसरी भेट १५ मार्च २०१४ची, मरीना बे सँड्सच्या सभागृहात. १९६५ साली त्या जागी समुद्र होता. भर घालून ती जमीन नंतर तयार केली गेली. जॅगर सत्तर वर्षांचा होता. त्या दौऱ्यात मिक टेलरही पाहुणा म्हणून सोबत वाजवत होता. दोन दिवसांनी जॅगरची सखी ल’रेन स्कॉट हिचे निधन झाले आणि पुढचे ऑस्ट्रेलियातले कार्यक्रम लांबणीवर पडले.

२०१६मध्ये बँडने ‘ब्लू अँड लोनसम’ हा अल्बम काढला: बारा गाणी, सगळी जुन्या ब्लूजवाल्यांची, तीन दिवसांत ध्वनिमुद्रित केलेली. त्याला पारंपरिक ब्लूजचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. ऑगस्ट २०२१मध्ये चार्ली वॉट्स गेला. त्याच्या जागी स्टीव्ह जॉर्डन बसू लागला आणि २०२३मध्ये ‘हॅकनी डायमंड्स’ हा अल्बम आला. नव्या श्रोत्याने गाजलेल्या गाण्यांआधी ‘ब्लू अँड लोनसम’ ऐकावा आणि मग स्ट्रेडॉग्जची जुनी ध्वनिमुद्रणे शोधावीत.