आळेफाट्याच्या उजवीकडे

पारनेरहून टाकळी ढोकेश्वरला आलं की कल्याणचा रस्ता लागतो. त्या रस्त्यानं बेल्हे ओलांडलं की आळेफाटा. तिथं पुणे-नाशिक रस्ता आडवा येतो. डावीकडे वळलात तर नारायणगाव, उजवीकडे संगमनेर. गावाची यात्रा जवळ आली की आमच्या यात्रा कमिटीची जीप डावीकडेच वळायची. एका वर्षी चुलत्यांच्या मांडीवर बसून मीही त्या जीपमध्ये होतो. नारायणगावात रस्त्याच्या कडेनं राहुट्या लागलेल्या, प्रत्येक राहुटीवर फडमालकाच्या नावाचा फलक, आत सतरंजीवर मॅनेजर आणि त्याची वही. तमाशाची सुपारी ठरवताना कमिटीची मंडळी विचारायची, पोरी किती? सोंगाड्या कोण? वग कुठला? सकाळची हजेरी धरून किती घेणार? आणि शेवटी, ‘अहो मॅनेजर, मागच्या वर्षी दुष्काळ होता, जरा समजून घ्या.’

ह्या पोरींना उभं राहायला, बोलायला, नाचायला शिकवलं कोणी, असं मात्र कोणी विचारत नसे. पुढे मुंबईत नाटकं पाहायला लागलो, तेव्हा कुठे हे ध्यानात आलं. तिथं कुणाही नटाची ओळख करून देताना तो कुणाच्या हाताखाली तयार झाला हे आधी सांगतात. विजया मेहतांचं नाव निघतं, सुलभा देशपांड्यांचं निघतं. छबिलदास शाळेत शिकवणाऱ्या सुलभाताईंनी ‘आविष्कार’मधून मुलांच्या किती पिढ्या रंगमंचावर उभ्या केल्या, हे मराठी वाचकाला नव्यानं सांगायला नको. तमाशाच्या बाबतीत मात्र ‘अंगातच असतं त्यांच्या’ एवढ्यावर आपण मोकळे होतो. अंगात काही नसतं. असतं ते घोटून घेतलेलं.

त्या घोटून घेण्याचा मागोवा घ्यायचा तर आळेफाट्याला उजवीकडे वळावं लागतं, संगमनेरला, तमासगीर कांताबाई सातारकरांकडे.

आडनाव सातारकर, कर्मभूमी संगमनेर आणि जन्म ह्या दोन्हींपासून लांब, गुजरातेत. बडोद्याच्या बाजूला दगडाच्या खाणीवर पोटासाठी गेलेल्या कुटुंबात 1939 साली कांताबाई जन्मल्या. घरात तमाशाची परंपरा नव्हती. पुढे कुटुंब साताऱ्याला परतलं आणि तिथं पोरीच्या कानावर ढोलकी पडली. साताऱ्याच्या मातीत ती पडणारच होती. शाहीर पठ्ठे बापूरावांचं रेठरे हरणाक्ष त्याच मुलखातलं. लहान वयातच कांताबाईंच्या पायात चाळ आले. तमाशाच्या घराण्यात जन्मलेल्या मुलीला जे आईच्या कडेवर बसून मिळतं, ते ह्या मुलीला बाहेरून, बघून बघून मिळवावं लागलं. पुढे त्यांनी जे शिकवलं त्याची मुळं मला इथं दिसतात. स्वतःला आयतं मिळालं नाही, ते दुसऱ्याला शिकवताना माणूस पायरी गाळत नाही.

काळही मोठा विचित्र होता. त्या दहा वर्षांच्याही नव्हत्या तेव्हा बाळासाहेब खेरांच्या सरकारनं अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. मग ओरड झाली, दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधार समिती बसली आणि तमाशा ‘लोकनाट्य’ हे धुतलेलं नाव घेऊन परत उभा राहिला. फलकांवर आजही ‘लोकनाट्य तमाशा मंडळ’ अशी दोन्ही नावं शेजारी नांदतात. सरकारचंही राखलं, गिऱ्हाइकाचंही.

पुढे मुंबईत कांताबाई तुकाराम खेडकरांच्या फडात आल्या. खेडकर हे त्या काळातलं वगातलं मोठं नाव. फडात जोडी जमली, घरातही जमली. इथं त्यांचं खरं शिक्षण झालं असणार, कारण वग ही चीज नाचाहून निराळी आहे. गण झाला, गवळण झाली, मावशीनं आणि पेंद्यानं हसवून घेतलं, बतावणी झाली, की मध्यरात्रीच्या सुमाराला वग सुरू होतो. तो पहाटेपर्यंत ओढायचा. समोर बैलगाड्या सोडून बसलेली माणसं, कडेवर झोपलेली पोरं, मागे रेवडीवाल्याची बत्ती. ह्या गर्दीला धरून ठेवायचं तर पायांपेक्षा गळा लागतो आणि गळ्यापेक्षा डोकं.

वगाची संहिता बहुधा हातात नसते. मास्तर किंवा फडमालक कथा सांगतो: तू राजा, तू प्रधान, हिच्यावर तुझा डोळा आहे, ह्या प्रवेशात तू फसतोस. बाकीचं उभं राहून बोलायचं. समोरच्यानं टाकलेला शब्द झेलायचा आणि वजन वाढवून परत टाकायचा. चुकलं तर थांबून पहिल्यापासून सुरुवात करता येत नाही; सोंगाड्या ती चूक उचलतो आणि तिच्यावरच हशा पिकवतो. नवी पोर आधी मागे उभी राहून झीलकऱ्यांबरोबर सूर ओढते. मग गवळणीच्या रांगेत शेवटची. मग एका वाक्याची दासी. राणीपर्यंत यायला काही हंगाम जातात आणि बऱ्याचजणी येतही नाहीत. दिल्लीत राष्ट्रीय नाट्य विद्यालय 1959 साली निघालं. त्याच सुमाराला कनातीच्या आड हा अभ्यासक्रम बिनफी आणि बिनदाखल्याचा चालू होता.

कांताबाईंनी राणीवर समाधान मानलं नाही. त्यांनी पुरुष उभे केले, आणि त्यात शिवाजी महाराजांची भूमिकासुद्धा. जुन्या तमाशात पुरुष साडी नेसून नाच्या होई. नंतर संगमनेर तालुक्यातल्याच हिवरगावची पवळा पठ्ठे बापूरावांच्या फडात उभी राहिली आणि बाईचं काम बाईकडे आलं. कांताबाईंनी त्याच्या पुढची उडी घेतली. नऊवारीत लाडिक मुरकणारी बाई थोड्या वेळानं जिरेटोप घालून येते आणि प्रेक्षकाला हसू येत नाही, ह्यात सगळी विद्या आली. टाच कशी टेकायची, मान किती हलू द्यायची नाही, वाक्याच्या शेवटी आवाज खाली कसा सोडायचा. महाराजांच्या भूमिकेत गावाकडच्या मंडपात जरा जरी खोट दिसली तर काय होतं, हे वेगळं लिहायला नको.

1964 साली तुकाराम खेडकर गेले. कांताबाईंच्या पदरी लहान मुलं. पंचविशीतल्या बाईला, तेही तमाशातल्या, दुसऱ्याच्या फडात पगारावर राहणं सोपं होतं. फड उभा करणं म्हणजे कर्ज. हंगामाच्या आधी कलावंतांना उचल द्यावी लागते, नाहीतर ते दुसरीकडे जातात. गाड्या, तंबू, कनाती, पुढे जनरेटर, दोन वेळचं जेवण. दसऱ्याला तंबू बाहेर काढायचा आणि अक्षय तृतीया, फार तर बुद्धपौर्णिमेपर्यंत सगळं फेडायचं. मध्ये एक अवकाळी पाऊस आला की हिशेब कोलमडतो. हे सगळं डोळ्यांपुढे असताना त्यांनी 1969 साली स्वतःचा फड काढला आणि चालवला. ‘रायगडची राणी’, ‘पाच तोफांची सलामी’ असे वग त्यांच्या नावाशी जोडले गेले. फडमालक, मुख्य नटी आणि तालीम मास्तर, तिन्ही पदं एकाच बाईकडे.

तयार झालेली माणसं बघा. मुलगा रघुवीर सोंगाड्या झाला. सोंगाड्या घडवणं सगळ्यात अवघड असं फडातले लोक मानतात, कारण त्याला पाठांतराचा आधार नसतो. मुली अलका, अनिता, मंदाराणी उभ्या राहिल्या आणि पुढची पिढीही चाळ बांधून आली. घरातल्यांची नावं तरी छापून येतात. त्या फडात हंगाम काढून दुसरीकडे गेलेल्यांची यादी कोणी ठेवलेली नाही. शाळेत निदान हजेरीपट असतो.

हजेरीवरून आठवलं. आमच्या पारनेर तालुक्यात यात्रांना तोटा नाही. पौष पौर्णिमेला पिंपळगाव रोठ्याचा कोरठण खंडोबा, उन्हाळ्यात निघोजची मळगंगा, आणि मधल्या दिवसांत गावोगावचे भैरवनाथ. रात्री वग झाला तरी गाव फडाला सोडत नाही. सकाळी देवळापुढे उघड्यावर हजेरी असते. रात्री दिव्यांच्या झगमगाटात राणी वाटलेली बाई सकाळी नवाच्या उन्हात समोर येते. डोळ्यांत झोप, मानेवर रात्रीच्या रंगाची पुसट रेघ, चाळाच्या पट्ट्याखाली पोटरीला वळ. ढोलकीवाला शाई चढवलेल्या तोंडावर बोटं आपटून बघतो. समोर धूळ आहे, फेटे आहेत, पाचाची नोट हलवणारे हात आहेत. आणि थाप पडताच त्या बाईची पाठ सरळ होते. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. त्या सरळ होणाऱ्या पाठीकडे बघत राहिलो होतो. फड कुठला होता ते आठवत नाही, पण ती पाठ सरळ करायला तिला कोणीतरी शिकवलं होतं, एवढं आता कळतं.

तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांच्या नावानं राज्य सरकारनं जीवनगौरव पुरस्कार सुरू केला, तेव्हा पहिला मान कांताबाईंना मिळाला. नारायणगाव आणि संगमनेर निदान एका मानपत्रावर जवळ आली. त्यानंतरही फड रस्त्यावर होताच, मार्च 2020 पर्यंत. यात्रांचा हंगाम तोंडावर आला आणि करोनाच्या साथीनं टाळेबंदी लागली. उचल वाटून झालेली, सुपाऱ्या रद्द. दुसऱ्या वर्षीही तेच. 25 मे 2021 ला संगमनेरात कांताबाई गेल्या, त्याच साथीनं. वय 82. एरवी त्या दिवसांत हंगाम संपून फड घरी परततात. त्या वर्षी फड बाहेर पडलेच नव्हते.

फडाचं नाव होतं ‘रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर लोकनाट्य तमाशा मंडळ’. जिनं फड काढला, तिचं नाव मुलाच्या नावानंतर, ‘सह’च्या पलीकडे. तमाशात फलकावरच्या क्रमावरून भावाभावांत फड फुटलेले आहेत.

आमच्या कमिटीची जीप आता बोलेरो झाली आहे. यंदाही ती आळेफाट्यावरून डावीकडेच वळली, राहुट्या तिकडे लागतात म्हणून. चुलते थकलेत, त्यांच्या जागी मी पुढच्या सीटवर होतो. एका राहुटीत मॅनेजर वही उघडून बसला, मंडळींनी पोरी किती, सोंगाड्या कोण विचारून घेतलं. मी विचारलं, तालीम कोण घेतं? त्यानं पेन कानावर ठेवलं, माझ्याकडे जरा निरखून बघितलं आणि म्हणाला, ‘आमच्या थोरल्या बाई घेतात. का हो, काही कमी पडलं का मागच्या वर्षी?’