व्हीपीएन आणि संशोधकाची गोपनीयता : एक टिपण

आमच्या विभागात नव्याने दाखल होणाऱ्या संशोधक विद्यार्थ्याच्या हाती पहिल्या काही दिवसांतच ज्या वस्तू येतात, त्यांत ग्रंथालयाचे ओळखपत्र आणि विद्यापीठाच्या व्हीपीएनचा परवलीचा शब्द या दोहोंचा अंतर्भाव असतो. पहिल्या वस्तूचा उपयोग कोणास समजावून सांगावा लागत नाही. दुसरीविषयी मात्र इतके गैरसमज रूढ आहेत की, त्यांचा परामर्श घेणारे एक स्वतंत्र टिपण लिहावे, असे पुष्कळ दिवस मनात होते. निमित्त घडले ते एका प्रबंधाच्या आराखड्याचे. स्थलांतरित कामगारांच्या मुलाखतींवर आधारलेल्या त्या आराखड्यात, माहिती देणाऱ्यांची नावे गुप्त राखण्यासाठी कोणती व्यवस्था केली आहे, या प्रश्नापुढे एकच वाक्य लिहिलेले होते : ‘सर्व काम व्हीपीएनवरून केले जाईल.’ विद्यार्थ्याचा हेतू निखालस प्रामाणिक होता. उत्तर मात्र प्रश्नास लागू पडणारे नव्हते. ते का, हे कळण्यासाठी व्हीपीएन म्हणजे काय आणि काय नव्हे, याचा थोडा मुळापासून विचार करावयास हवा.

इंटरनेटवरून जाणारा मजकूर अखंड प्रवाहासारखा जात नाही. त्याचे लहान लहान तुकडे पाडून प्रत्येक तुकडा स्वतंत्र पाकिटात घालून पाठविला जातो. संगणकशास्त्रातील ‘पॅकेट’ आणि आपले टपालाचे पाकीट ही नावाप्रमाणे कामातही सारखीच आहेत. प्रत्येक पाकिटावर पाठविणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा असे दोन अंकात्मक पत्ते असतात. त्यांवाचून पाकीट पोहोचणार नाही व उत्तरही परत येणार नाही. सध्या सर्वत्र रूढ असलेल्या संकेतस्थळांवर पाकिटाच्या आतील मजकूर एचटीटीपीएस या पद्धतीने कूटबद्ध, म्हणजे एन्क्रिप्ट, केलेला असतो. तो मार्गात कोणास वाचता येत नाही. परंतु पाकीट चिकटविले म्हणून पत्ता झाकला जात नाही. आपणांस इंटरनेट पुरविणारी कंपनी, अथवा वसतिगृहाच्या जाळ्याचा व्यवस्थापक, यांस आपण कोणत्या स्थळाशी, किती वाजता, किती वेळ आणि किती मजकुराची देवाणघेवाण केली, हे दिसत असते. जोडणी जुळविताना संकेतस्थळाचे नाव बहुधा उघड्यावरच उच्चारले जाते. हे नावही झाकण्याची योजना अलीकडे निघाली आहे. पण ती अद्याप सर्वत्र रूढ झालेली नाही.

केवळ नावच कळले तर बिघडले काय, असे कोणी विचारील. एखादी व्यक्ती रात्री दोन वाजता क्षयरोगाविषयीच्या, घटस्फोटाच्या कायद्याविषयीच्या वा आत्महत्या-प्रतिबंधाच्या संकेतस्थळावर तासभर होती, एवढे कळल्यावर तिने तेथील कोणते पान वाचले हे कळण्याची गरज उरत नाही. पत्रातील मजकुराहून पत्रव्यवहाराची यादीच कित्येकदा अधिक बोलकी असते, हा ऐतिहासिक कागदपत्रे चाळणाऱ्यांच्या नित्य अनुभवाचा विषय आहे.

व्हीपीएन, म्हणजे ‘व्हर्च्युअल प्रायव्हेट नेटवर्क’ किंवा आभासी खाजगी जाळे, या ठिकाणी काय करते? ते पाकिटाच्या आत पाकीट घालते. आपल्या संगणकातून निघालेले मूळ पाकीट, त्यावरील पत्त्यांसकट, कूटबद्ध करून दुसऱ्या एका मोठ्या पाकिटात ठेवले जाते आणि त्या बाहेरच्या पाकिटावर फक्त व्हीपीएन-सेवकाचा, म्हणजे सर्व्हरचा, पत्ता घातला जातो. सेवक ते फोडतो, आतील पाकिटावर आपलाच पत्ता ‘पाठविणारा’ म्हणून लिहितो आणि ते पुढे धाडतो. उत्तर त्याच्याकडे येते व तो ते त्याच मार्गाने परत पोहोचवितो. या योजनेस रूढ परिभाषेत ‘बोगदा’ म्हणतात. परिणाम असा की, इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीस केवळ सेवकाशी चाललेली वर्दळ दिसते, आणि संकेतस्थळास आपल्या जागी तो सेवकच दिसतो.

मूळ कल्पना व्यक्तीच्या गोपनीयतेसाठी जन्मास आलेली नव्हती. इ. स. १९९० नंतरच्या दशकात मोठ्या कंपन्यांना दूरच्या शाखा व प्रवासातील कर्मचारी आपल्या अंतर्गत जाळ्याशी जोडावयाचे होते. स्वतंत्र तारा भाड्याने घेणे फार खर्चाचे होई. तेव्हा सार्वजनिक इंटरनेटवरूनच खाजगी वाट काढण्याची युक्ती निघाली. मायक्रोसॉफ्टच्या पुढाकाराने तयार झालेली पीपीटीपी ही त्या काळातील पद्धती. तिच्यातील ओळख पटविण्याची रीत २०१२ साली पूर्णपणे फोडण्यात आली. यास्तव ती आज कोठे आढळल्यास वापरू नये. २००१ साली जेम्स योनान यांनी ओपनव्हीपीएन प्रसिद्ध केले. मध्य आशियात प्रवास करीत असता परक्या सेवापुरवठादारांच्या तारांवरून आपल्या कचेरीशी संपर्क ठेवण्याची पाळी आल्याने त्यांस या प्रश्नाचे महत्त्व पटले होते. जेसन डोननफेल्ड यांचे वायरगार्ड मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाले. सुमारे चार हजार ओळींत मावणारी ही आज्ञावली एका माणसास समग्र वाचून तपासता येते, हा तिचा फार मोठा गुण होय. कूटलेखनाच्या क्षेत्रात विस्तारापेक्षा वाचनीयता अधिक मोलाची आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. जे इंटरनेट कंपनीस दिसत होते, ते दिसेनासे झाले; पण ते नाहीसे झाले नाही. ते व्हीपीएन चालविणाऱ्यास दिसू लागले. व्हीपीएनने विश्वासाची गरज नष्ट होत नाही, फक्त विश्वास एका दारातून उचलून दुसऱ्या दारात ठेवला जातो. तेव्हा दुसऱ्या दारात कोण बसला आहे, हा प्रश्न पहिल्याहून कमी महत्त्वाचा नाही. जाहिरातींत ‘आम्ही कोणतीही नोंद ठेवीत नाही’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले असते. त्या विधानाची सत्यता ग्राहकास घरबसल्या पडताळता येत नाही. २०११ साली सोनी पिक्चर्सच्या संकेतस्थळावर झालेल्या हल्ल्याच्या तपासात ‘हाइडमायॲस’ या ब्रिटिश सेवेने न्यायालयाच्या आदेशानुसार आपल्याकडील नोंदी दिल्या. गुन्ह्याच्या तपासास साहाय्य केले यात गैर काहीच नाही. बोध एवढाच की, नोंदी होत्या. ओनावोचे उदाहरण याहून बोलके आहे. फेसबुकने २०१३ साली ही इस्राएली कंपनी विकत घेतली. तिचे मोफत व्हीपीएन ‘आपले संरक्षण करते’ असे सांगून वाटले जात होते, आणि वापरणारे कोणकोणती ॲप्स किती वेळ उघडतात याची माहिती मालकाच्या व्यापारी उपयोगासाठी जमा होत होती. २०१८ साली ते ॲपलच्या दुकानातून निघाले. पुढे जुलै २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संघीय न्यायालयाने, ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल, मेटाच्या दोन उपकंपन्यांस मिळून दोन कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. मोफत व्हीपीएनविषयी विद्यार्थी विचारतात, तेव्हा प्रस्तुत लेखक एवढेच उत्तर देतो : सेवक चालविण्यास पैसा लागतो, तो कोण भरतो ते आधी शोधा.

आपल्या देशात या प्रश्नास २०२२ पासून कायद्याची एक निराळी बाजू आलेली आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याच्या कलम ७०ब अन्वये ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काही निर्देश काढले. सर्वसामान्य ग्राहकांस व्हीपीएन-सेवा देणाऱ्यांनी ग्राहकाचे पडताळलेले नाव, पत्ता, संपर्क, त्यास दिलेले अंकात्मक पत्ते, सेवेचा काल आणि ती घेण्याचा हेतू ही माहिती, ग्राहकाने सेवा सोडल्यानंतरही पाच वर्षे, जपून ठेवावी, असे त्यांत सांगितले आहे. या सेवांपुरती अंमलबजावणीची मुदत सप्टेंबर २०२२ पर्यंत वाढविण्यात आली. दरम्यान अनेक परदेशी कंपन्यांनी भारतातील आपले सेवक-संगणक उचलून नेले. काहींनी सिंगापूरसारख्या ठिकाणी बसून भारतीय पत्ते देण्याची वाट काढली. कंपन्यांच्या अंतर्गत वापराच्या व्हीपीएनला ही अट लागू नाही, असा खुलासाही त्याच वर्षी झाला. गुन्हेगारांस आश्रय मिळू नये, हा शासनाचा हेतू समजण्यासारखा आहे. परंतु सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. त्याच्या प्रकाशात, अपराध घडण्यापूर्वीच सर्व ग्राहकांची सरसकट नोंद करणे प्रमाणबद्धतेच्या कसोटीस उतरते काय, याविषयी प्रस्तुत लेखकास शंका आहे. ती नोंद जेथे साठते, तेथून ती फुटण्याचा धोका हा निराळाच.

येथे महानुभावांच्या सकळ लिपीचे स्मरण होते. इतिहासाचार्य राजवाड्यांसारख्या संशोधकांनी तिची उकल करीपर्यंत त्या पोथ्यांतील मजकूर इतरांस अगम्य होता. परंतु पोथी महानुभावांची आहे, हे मात्र लिपीकडे पाहताच कळत असावे. व्हीपीएनचेही तसेच आहे. बोगद्यातून काय चालले आहे ते कळत नाही. बोगदा आहे हे बहुधा ओळखू येते. भारतात व्हीपीएन वापरणे हा सामान्यतः अपराध नाही. पण २०२५ साली जम्मू-काश्मीरमधील काही जिल्ह्यांत त्याच्या वापरावर तात्पुरती बंदी घालणारे आदेश निघाले होते. क्षेत्रकार्यासाठी बाहेर पडणाऱ्याने त्या त्या जिल्ह्यातील आदेशांची चौकशी निघण्यापूर्वीच करावी.

बोगदा गळतो, हीही गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. संकेतस्थळाच्या नावावरून अंकात्मक पत्ता शोधून देणारी डीएनएस ही व्यवस्था पुष्कळदा बोगद्याबाहेरूनच विचारली जाते. मग झाकलेले नाव पुन्हा उघडे पडते. याहून सूक्ष्म दोष मे २०२४ मध्ये ‘टनेलव्हिजन’ या नावाने उघडकीस आला. आपण एखाद्या जाळ्यात शिरलो की, तेथील डीएचसीपी ही यंत्रणा आपल्या संगणकास पत्ता देते. तीच यंत्रणा ‘अमुक पाकिटे अमुक वाटेने न्या’ अशा सूचनाही देऊ शकते. २००२ पासून प्रमाणित असलेल्या या सोयीचा गैरफायदा घेऊन, पाहुण्यांच्या जाळ्यावर बसलेला लबाड माणूस आपली पाकिटे बोगद्यात शिरण्यापूर्वीच आपल्या दारावरून वळवू शकतो. पडद्यावर मात्र ‘जोडणी चालू’ हेच चिन्ह दिसत राहते. ॲन्ड्रॉइडवर ही सूचना मानलीच जात नसल्याने ते यातून वाचले. बोगदा तुटताच सर्व वाहतूक थांबविणारी सोय चालू ठेवावी हे उत्तम, परंतु या विशिष्ट दोषावर ती पुरी पडतेच असे नाही. संवेदनशील कामासाठी अनोळखी जाळ्याऐवजी स्वतःच्या मोबाइलवरून जोडणी घ्यावी, हा साधा उपाय अधिक खात्रीचा.

आणि जो स्वतःच्या नावाने गूगलवर प्रवेश करून शोध घेत बसला आहे, त्याचे काय? गूगलला त्याचा पत्ता कळला नाही तरी त्याचे नाव कळलेलेच आहे. कुकीज, ब्राउझरची वैशिष्ट्ये, मोबाइलमधील ॲप्स यांपैकी कशावरही व्हीपीएनचा परिणाम होत नाही. ज्यास खरोखर निनावी राहावयाचे आहे, त्याने टॉरचा विचार करावा. तेथे पाकीट तीन स्वतंत्र मध्यस्थांच्या हातून जाते, आणि पाठविणारा व गंतव्य स्थान ही दोन्ही त्यांपैकी कोणाही एकास कळत नाहीत. गती मात्र मंद असते.

राहिले विद्यापीठाचे व्हीपीएन. त्याचे प्रयोजन अगदी उलट आहे, आणि नावाच्या साम्यामुळे हे लक्षात येत नाही. नियतकालिकांचे प्रकाशक वाचकास व्यक्तिशः ओळखत नाहीत. संस्थेच्या अंकात्मक पत्त्यावरून ओळखतात. ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेखाली १ जानेवारी २०२५ पासून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके शासकीय उच्चशिक्षणसंस्थांस खुली करण्यात आली. तीही प्रथम संस्थेच्या नावावर. गावी गेलेल्या विद्यार्थ्यास ती वाचता यावीत म्हणून विद्यापीठ आपला पत्ता त्यास उसना देते. हा पत्ता लपण्यासाठी दिलेला नसून, मी या विद्यापीठाचा आहे असे सांगण्यासाठी दिलेला आहे. परवलीचा शब्द व्यक्तिगणिक वेगळा असल्याने कोण, केव्हा, कोठून आले याची नोंद विद्यापीठाकडे राहू शकते, आणि सर्व वाहतूक त्या बोगद्यातून जात असल्यास खाजगी वाचनही तेथून जाते. काम संपताच ही जोडणी बंद करावी.

तेव्हा मूळ आराखड्याकडे परत येऊ. कामगारांच्या मुलाखती फोनवर ध्वनिमुद्रित होणार, तेथून आपोआप कोणत्या तरी मेघसाठ्यात जाणार, आणि नावांची यादी त्याच लॅपटॉपवर राहणार. यांपैकी एकाही ठिकाणी व्हीपीएनचा संबंध येत नाही. लॅपटॉप हरवला तर बोगदा त्याचे रक्षण करीत नाही. विद्यार्थ्याने आराखडा दुरुस्त केला, तो असा : प्रत्येक व्यक्तीस मुलाखतीपूर्वीच क्रमांक द्यावयाचा, क्रमांक व नाव यांची जुळणी कागदी वहीत ठेवून ती मार्गदर्शकांच्या कुलपात ठेवावयाची, फोनवरील आपोआप साठवण बंद करावयाची, लॅपटॉपची संपूर्ण तबकडी कूटबद्ध करावयाची, लेखन पूर्ण झाल्यावर ध्वनिमुद्रणे पुसून टाकावयाची आणि हे मुलाखत देणाऱ्यास त्याच्या भाषेत आधी सांगावयाचे. व्हीपीएनचा उल्लेख त्याने ठेवला, पण शेवटच्या ओळीत, आणि ‘परक्या जाळ्यावरून काम करावे लागल्यास’ एवढी मर्यादा घालून. समितीने आराखडा त्या रूपात मान्य केला. कुलपाची दुसरी किल्ली कोणाकडे असावी, हा एकच प्रश्न समितीने विचारला, आणि त्याचे उत्तर अद्याप ठरावयाचे आहे.