पोट उघडणारच आहात, तर गाठही काढाल का?

सिझरची तारीख ठरली, की आई किंवा सासूबाई डॉक्टरांना हा प्रश्न हमखास विचारतात. मुंबईत लालबाग असो की गिरगाव, त्यामागची कळकळ एकच: पुन्हा भूल, पुन्हा टाके, पुन्हा खर्च कशाला? बऱ्याच जणींचं पहिलं बाळंतपण तिशीपलीकडे गेलं, तशी सोनोग्राफीत बाळासोबत फायब्रॉइडची, म्हणजे गर्भपिशवीच्या स्नायूंची, गाठ दिसण्याचंही नवल उरलेलं नाही.

तरी डॉक्टरांच्या कित्येक पिढ्या नाहीच म्हणत आल्या. भीती रक्ताची. एरवी गर्भपिशवीला मिनिटाला जेमतेम ५० मिली रक्त लागतं. दिवस भरत आले की तिथून ५०० ते ७०० मिली वाहतं. वार सुटली की पिशवीच्या स्नायूंचे एकमेकांत गुंतलेले धागे आवळतात आणि रक्तवाहिन्यांची उघडी तोंडं मिटतात. स्नायूत रुतलेली गाठ कोरून काढली, तर मागे खड्डा राहतो. तो थराथराने शिवून होईपर्यंत रक्त पाझरत राहतं. अगदीच आवरलं नाही, तर बाईचा जीव वाचवायला पिशवीच काढावी लागते. म्हणून देठावर लोंबणारी गाठ तेवढी काढा, बाकीच्यांना हात लावू नका, अशीच शिकवण होती.

ही शिकवण गेल्या काही दशकांत सैल झाली. कॅलिफोर्नियातल्या रोमन आणि ताब्श यांनी २००४ साली सिझरमध्येच गाठ काढलेल्या १११ आणि गाठ तशीच ठेवलेल्या २५७ बायकांची तुलना छापली. अतिरक्तस्राव पहिल्या गटात १२.६ टक्के, दुसऱ्यात १२.८. पुढे २०१३ मध्ये नऊ अभ्यासांतल्या १,०८२ बायकांचा एकत्र हिशेब झाला, त्यातही मोठा फरक दिसला नाही.

पण हे आकडे जपून वाचायला हवेत. कुणाची गाठ काढायची, हे बहुतेक वेळा शस्त्रक्रिया करणाऱ्याने आधीच पारखून ठरवलेलं होतं. गर्भाशयाच्या मुख्य धमन्यांजवळची, खोल, अवघड गाठ त्याने सोडून दिली असणार. निकाल चांगले आले, त्यात या पारखीचा वाटा मोठा असू शकतो.

पिशवी आणि गर्भ वाचवण्याचा ध्यास मुंबईला नवा नाही. भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयातले डॉ. वि. ना. शिरोडकर यांचा १९५५ सालचा, गर्भ टिकवण्यासाठी पिशवीच्या तोंडाला घालायचा टाका जगभर घातला जातो. अंग बाहेर येणाऱ्या तरुण बायकांची पिशवी न काढता ती वर बांधून घ्यायच्या शस्त्रक्रियाही शिरोडकर आणि मुंबईचेच डॉ. पुरंदरे यांच्या नावाने शिकवल्या जातात.

गाठ काढावी की नाही, हे रुग्णालयावरही ठरतं. परळच्या केईएम किंवा वाडिया प्रसूतिगृहासारख्या मोठ्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ, अनुभवी हात आणि रक्त जवळ असतं. दादर-गिरगावच्या जुन्या इमारतींतल्या दहा-बारा खाटांच्या प्रसूतिगृहात बाहेरून रक्त आणावं लागत असेल, तर तिथे खोल गाठीला हात न लावणंच मला योग्य वाटतं. देठाची गाठ किंवा नेमकी छेदाच्या वाटेत आलेली गाठ यांची गोष्ट वेगळी. दुसरीमुळे कधी कधी पिशवी नीट शिवताच येत नाही.

हे बोलणं टेबलावर नव्हे, आधीच व्हायला हवं. हिमोग्लोबिन किती, रक्त राखून ठेवलंय का, संमतीपत्रात गाठ काढण्याचा आणि वेळ आलीच तर पिशवी काढण्याचा उल्लेख आहे का, हे गरोदर बाईने स्वतः विचारावं. डॉक्टर नको म्हणाले, तर ती हेळसांड नव्हे. बाळंतपणानंतर बऱ्याच गाठी आपसूक आकसतात. काही महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी केली, की काढायची गरज उरली आहे का, ते कळतं.