भिंतीला बुरशी? हे करा

आष्टी तालुका पर्जन्यछायेतला, इथली थंडी कोरडी. तरी परतीच्या पावसात मुरलेली ओल हिवाळ्यात गार भिंतींवर काळे ठिपके उमटवते.

● कारण : भिंतीलगतची आर्द्रता ७० टक्क्यांवर टिकली की बुरशी फोफावते. न्हाणीतली वाफ आणि घरात वाळत घातलेले कपडे भर घालतात.

● आधी गळती : माळवद असो वा स्लॅब, भेगा बुजवा.

● मोकळी जागा : कपाट, धान्याची पोती भिंतीपासून चार बोटे दूर ठेवा.

● ऊन-वारा : दुपारी खिडक्या उघडा, गोधड्या उन्हात टाका.

● सफाई : नाकाला रुमाल बांधून डाग साबणाच्या पाण्याने पुसा, भिंत कोरडी करा. ब्लीच वापरलेच, तर त्यात ॲसिड मिसळू नका. विषारी वायू होतो.

● धान्य : बुरशी लागलेले शेंगदाणे फेकून द्या. त्यातले अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष भाजूनही पूर्ण जात नाही.