फायबरच्या गाडीचं अंग सावरताना

शेवरले कॉर्व्हेट ही अमेरिकेची लाडकी स्पोर्ट्स कार. 1953 साली मिशिगनमधल्या फ्लिंट गावी तिच्या पहिल्या 300 गाड्या तयार झाल्या. सगळ्या पांढऱ्या, आणि सगळ्यांचं अंग पत्र्याऐवजी फायबरग्लासचं, म्हणजे काचेचे बारीक धागे रेझिन नावाच्या चिकट द्रवात भिजवून कडक केलेलं. पुढे गाडीचं रूप अनेकदा बदललं, फायबर मात्र सुटलं नाही. आज हौशी माणसाच्या आवाक्यातली जुनी कॉर्व्हेट शोधायला गेलं तर बहुधा तिसऱ्या पिढीची हाती लागते: 1968 ते 1982 या काळातली, कमरेत आवळलेली आणि चारही मडगार्ड उंच चढवलेली. डेट्रॉइटकडे मोटारींच्याच कारखान्यात नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला ही हौस लागली तर नवल नाही. हा लेख त्याच गाडीबद्दल.

‘फायबर गंजत नाही’ हे वाक्य ही गाडी विकणारा प्रत्येक जण ऐकवतो. ते खरंच आहे. पण फायबरच्या आत पोलाद आहे, आणि ते मनसोक्त गंजतं. खाली पोलादी चॅसी असते, आणि माणसं बसतात त्या भागाभोवती 1963च्या मॉडेलपासून पोलादी सांगाडा असतो. तिकडे त्याला ‘बर्डकेज’, म्हणजे पिंजरा म्हणतात. पुढची काच आणि दारांच्या बिजागऱ्या या पिंजऱ्याच्या आधारावर असतात. त्यामुळे पहिलं काम रंगाचं नाही की भेगांचंही नाही, ते या पिंजऱ्याच्या तपासणीचं.

काचेच्या रबरातून किंवा छताच्या सुट्या झडपांतून शिरलेलं पाणी खांबांमधून खाली उतरतं आणि तळाशी साचतं. म्हणून पायांजवळची बाजूची आवरणं काढून, हातात टॉर्च आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन खांबांचा तळ टोचून बघायचा. काचेचे खालचे कोपरेही बघायचे. मग गाडीखाली जाऊन मागच्या चाकांच्या पुढे, चॅसी वर वळते तिथे हातोडीने हलकेच ठोकायचं. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या राज्यांतली गाडी असेल तर हे दुप्पट बारकाईने करायचं. पिंजरा सडला असेल तर फायबरचं सगळं अंग उचलल्याशिवाय धड दुरुस्ती होत नाही. पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याने अशी गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणखी एक मत इथेच सांगून टाकतो. मूळ पत्ते (म्हणजे अंगाचे फायबरचे पॅनल), मूळ सांधे आणि मूळ रंग शाबूत असलेली जुनी कॉर्व्हेट आपल्या हाती आली तर तिला रुंद मडगार्ड लावायला करवत लावू नये. कापाकापीची हौस भागवायला 1970च्या दशकाच्या उत्तरार्धातली, दोनचार अपघात सोसलेली आणि आधीच दुरुस्त झालेली गाडी निवडावी. अशा गाड्यांना तोटा नाही.

आता फायबर तपासायचं. पत्र्याच्या गाडीत लांबी, म्हणजे भरणीची पुट्टी, किती आहे ते लोहचुंबक सांगतो. इथे तो निरुपयोगी. त्याऐवजी नाण्याने टकटक करत जायचं. चांगला भाग खणखणीत बोलतो, जाड पुट्टीचा किंवा पापुद्रे सुटलेला भाग बोदा वाजतो. पण खरी माहिती मागच्या बाजूला असते. चाकाच्या पोकळीत टॉर्च मारून बघायचं. कारखान्यातला पत्ता साच्यात दाबून काढलेला असल्याने मागूनही बराच सपाट असतो. मागून खरखरीत, धागे दिसणारं ठिगळ आढळलं की तिथे काहीतरी घडून गेलेलं आहे.

या गाडीचे पत्ते कडेला कड लावून, मागून फायबरचीच रुंद पट्टी डकवून जोडलेले असतात. हे सांधे मडगार्डच्या माथ्यावरून जातात आणि जुन्या गाडीत रंगाखालून पुसट रेघ होऊन वर उमटतात. मागे पट्टीच नसेल किंवा ती वेगळ्याच गोंदाने बसवली असेल, तर पत्ता बदललेला आहे असं समजायचं. बदलणं वाईट नाही. घाईने बदलणं वाईट.

रंग काढणं हे कंटाळवाणं काम आहे आणि बरीच नासाडी इथेच होते. वाळूचा मारा करायचा नाही, फायबरचा पृष्ठभाग उडून जातो. पत्र्यासाठीचं रंग काढायचं रसायनही वापरायचं नाही, कारण ते रंगावर थांबत नाही, खालच्या रेझिनलाही मऊ करतं. हीटगनचंही तसंच. शेवरलेच्या सेंट लुईसमधल्या कारखान्यात रंगवलेल्या गाड्यांवर लॅकर असतो, आणि त्यावर नंतरच्या मालकांनी चढवलेले थर. ते धारदार पात्याने, पातं आडवं धरून, पापुद्रा पापुद्रा काढता येतात. पात्याचे कोपरे आधी घासून गोल करायचे, नाहीतर ते फायबरमध्ये रुततात. उरलेला रंग लाकडी ठोकळ्याला 80 किंवा 120 नंबरचा पॉलिश पेपर लावून घासायचा. नुसत्या बोटांखाली पेपर धरून घासलं की बोटांच्या चऱ्या पडतात आणि त्या थेट नवा रंग मारल्यावरच दिसतात.

घासण्याआधी मात्र मेण आणि ग्रीस काढणाऱ्या द्रवाने अंग पुसून घ्यायचं. उलट क्रम केला तर वर्षानुवर्षांचं पॉलिश घासून घासून आतच मुरवलं जातं, आणि मग प्रायमरला जागोजागी माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात. धागे उघडे पडलेत तिथे पाण्याने घासायचं नाही, पाणी आत शोषलं जातं. फायबरची धूळ अंगाला खाजवते हे गौण आहे, ती फुप्फुसात जाते हे महत्त्वाचं. कापडी मास्क पुरत नाही. धुळीचा मास्क घट्ट बसणारा हवा, आणि रेझिनच्या कामासाठी वाफ अडवणारी गाळणी असलेला वेगळा.

फायबरला हात लावण्याआधी दारं, बॉनेट आणि पुढचा भाग यांच्यातल्या फटी सारख्या करून घ्यायच्या. अंग आणि चॅसी यांच्यामध्ये ठिकठिकाणी शिम, म्हणजे पातळ चकत्या असतात. त्या कमीजास्त केल्या की दाराची फट बदलते. गाडी तिच्या चाकांवर, सपाट जमिनीवर उभी असतानाच हे करायचं. अंग भलतीकडे टेकवून सांधे डकवले तर ते त्याच वाकड्या आकारात कायमचं बसतं, आणि नंतर दार लागत नाही म्हणून बिचाऱ्या बिजागरीला दोष दिला जातो.

आता रेझिन. साधं पॉलिएस्टर रेझिन आपोआप कडक होत नाही. त्यात वजनाच्या साधारण 1 ते 2 टक्के हार्डनर घालावा लागतो. भारतात सुटं रेझिन घेतलं तर दुकानदार अनेकदा तिसरी बाटलीही देतो, जांभळट रंगाच्या कोबाल्टची. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत, त्याचा भडका उडू शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मग हार्डनर. कोकणातले फायबरच्या होड्या बांधणारे कारागीर हे शिकाऊ पोराला पहिल्याच दिवशी सांगतात, असं समजायला हरकत नाही. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. चष्मा लावल्याशिवाय बाटली उघडायची नाही.

एका वेळी थोडंच मिसळायचं. खोल डब्यात जास्त रेझिन ठेवलं की स्वतःच्याच उष्णतेने ते तापतं, धुरावतं आणि गोळा होतं. पसरट ताटलीत ते जास्त वेळ टिकतं. गराजचं तापमान 15 अंशांखाली असेल तर काम करायचंच नाही. थंडीत रेझिन लागत नाही म्हणून हार्डनर वाढवणारे पुष्कळ भेटतात. त्याने भाग ठिसूळ होतो, एवढंच.

आपल्या गाडीत आणखी एक मेख आहे. 1970च्या दशकात कारखाना एसएमसीकडे वळला. रेझिन, धागे आणि भरणी यांची तयार चादर गरम साच्यात दाबून त्याचे पत्ते होतात. साचा सहज सुटावा म्हणून त्यात मेणासारखा पदार्थ आधीच मिसळलेला असतो, त्यामुळे साधं पॉलिएस्टर त्यावर नीट धरत नाही. तिथे इपॉक्सी किंवा एसएमसीसाठीचा खास चिकटवणारा पदार्थ घ्यावा, आणि वरचा गुळगुळीत थर घासून उडवावा. इपॉक्सी पॉलिएस्टरवर छान बसतो. इपॉक्सीवर पॉलिएस्टरचा भरवसा नाही. एकदा इपॉक्सी लावला की त्या जागी पुढेही इपॉक्सीच.

भेग दिसली की आधी ती रंगातली आहे की फायबरमधली, हे ठरवायचं. रंग घासल्यावर रेघ गेली तर काही करायचं नाही. राहिली तर तिच्यावर नुसती लांबी भरणं म्हणजे भिंतीची ओल तशीच ठेवून वरून रंग देणं. दोनचार महिन्यांत ती पुन्हा वर येणार.

खरी दुरुस्ती अशी. भेगेच्या टोकाला बारीक भोक पाडायचं, म्हणजे ती पुढे सरकत नाही. मग ग्राइंडरने दोन्ही बाजूंनी उतार द्यायचा, जाडीच्या सुमारे बारापट लांब. पत्ता 3 मिलिमीटरचा असेल तर भेगेच्या प्रत्येक बाजूला साधारण 36 मिलिमीटर. एवढं चांगलं फायबर उडवताना जीव वर-खाली होतो आणि नवखा माणूस निम्म्यावर थांबतो. थांबू नये. नवं फायबर जुन्याशी रसायनाने एकजीव होत नाही, ते नुसतं चिकटून धरतं. जितकी जागा रुंद तितकी पकड.

मागच्या बाजूने सुरुवात करायची. काचेच्या धाग्यांची मॅट, म्हणजे आडव्यातिडव्या धाग्यांची चटई, लहान-मोठ्या तुकड्यांत फाडून ठेवायची. कापण्यापेक्षा फाडणं बरं, कडा विरळ होतात आणि वर उमटत नाहीत. 450 ग्रॅमची मॅट भिजल्यावर थराची जाडी जेमतेम 1 मिलिमीटर होते, म्हणून तीन-चार थर लागतात. जागेला आधी रेझिन लावायचं, मग मॅट, आणि ब्रश ओढायचा नाही, टिपायचा. पांढरी मॅट पारदर्शक दिसू लागली की ती भिजली. मग लोखंडी चऱ्यांचा रोलर फिरवून हवेचे बुडबुडे बाहेर काढायचे. एखादा बुडबुडा राहून गेला तर उन्हात तापून तो रंगाला फोड आणतो. जास्त रेझिन म्हणजे जास्त ताकद, हाही गैरसमज. ताकद धाग्यांत असते. मागचं कडक झालं की पुढून तेच, आणि शेवटचा थर मूळ उंचीपेक्षा किंचित खाली ठेवायचा.

दुसऱ्या दिवशीही पृष्ठभाग चिकट लागला तर घाबरायचं कारण नाही. बऱ्याच रेझिनचा वरचा थर हवेमुळे अर्धवट राहतो. ॲसिटोनने पुसून मगच घासायचं, नाहीतर पेपर चोंदतो.

रुंद मडगार्ड बसवण्याची हौस असेल तर ती इथे भागवायची. चाक आधी बसवायचं, स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवून आणि सस्पेन्शन दाबून बघायचं, आणि मगच कापायचं. तयार फ्लेअर, म्हणजे चाकावरची फुगीर कमान, मिळते. पण ती रिव्हेटने ठोकून बसवली की प्रत्येक रिव्हेटभोवती रंग तडकतो. स्क्रूने तात्पुरती धरायची, मागून पट्टीसारखे थर द्यायचे, स्क्रू काढायचे, भोकं भरायची. स्वतः आकार घडवायचा असेल तर फोम कोरून त्यावर फायबर चढवता येतं. पण पॉलिएस्टर रेझिन थर्मोकोल विरघळवतं, त्यामुळे पॉलियुरेथेनचा फोमच घ्यायचा. डावी-उजवी बाजू सारखी येण्यासाठी पुठ्ठ्याचा नमुना कापून उलटवत राहावं. डोळ्यावर विसंबू नये.

यानंतर काहीच करायचं नाही, आणि हीच पायरी सगळे गाळतात. ताजं फायबर कित्येक आठवडे आकसत राहतं. गाडी रोज थोडा वेळ उन्हात ठेवायची. ज्या रेघा पुढे उमटायच्या त्या आताच उमटू द्यायच्या, मग पातळ पुट्टी आणि जाड थराचा प्रायमर. प्रायमरवर काळ्या रंगाचा हलका फवारा मारून लांब ठोकळ्याने घासलं की खोलगट जागी काळं राहतं, उंचवटे उघडे पडतात. काळा किंवा गर्द निळा रंग या गाडीला देखणा दिसतो खरा, पण उन्हात सर्वांत जास्त तापतो आणि खालचा प्रत्येक सांधा वाचून दाखवतो. पहिल्या गाडीला फिकट रंग द्यावा.

1973पासून पुढचा आणि 1974पासून मागचा बंपर लवचिक युरेथेनचा आहे. त्याच्या रंगात लवचिकता देणारं मिश्रण घालावं लागतं, नाहीतर पहिल्याच धक्क्याला रंग सुटतो. फायबर घासल्यावर स्थिर वीज धरून धूळ ओढतं, म्हणून फवाऱ्याआधी अंग ओलसर फडक्याने पुसून वाळू द्यायचं.

रंग झाला, दिवे लावले, आणि एकही पेटला नाही, तर वायरिंग उचकटू नये. पत्र्याच्या गाडीत अंगच विजेची परतीची वाट असतं. फायबरमधून वीज जात नाही, म्हणून या गाडीत दिव्यांची अर्थिंगची तार वेगळी ओढून चॅसीला किंवा पिंजऱ्याला जोडलेली असते. ती जोडायच्या जागी आपणच नवा रंग चढवलेला असतो. तेवढा खरवडून काढायचा. इंजिनाच्या डिस्ट्रिब्युटरवर चकचकीत धातूची आवरणं असतील, तर तीही परत बसवायची. ती शोभेची नाहीत. ठिणगीची खरखर रेडिओत शिरू नये म्हणून ती आहेत, कारण अडवायला भोवती पत्रा नाही.